मराठी पुस्तक कोण नीट वाचून दाखवतं? किंडल, बूक्स आणि गूगलच्या मराठी आवाजाचं परीक्षण

निकाल आधीच सांगितलेला बरा, कारण उपकरण घरी आल्यावर तो वाचून काही उपयोग नसतो. मराठी पुस्तक यंत्राकडून मोठ्यानं वाचून घ्यायचं असेल, तर त्यासाठी किंडल विकत घेऊ नका. अँड्रॉइडवर चालणारा, बूक्ससारखा ई-इंक रीडर (कागदासारखा दिसणारा पडदा असलेलं वाचनयंत्र) किंवा हातातला साधा अँड्रॉइड फोन, त्यात गूगलचा मराठी आवाज आणि युनिकोडमधली (सगळ्या यंत्रांना सारखीच कळणाऱ्या अक्षरांतली) ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, या तीन गोष्टी जमल्या की दिवसाला दोन-तीन तास कान न विटता ऐकता येतं. यातली तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड आहे. आवाजापेक्षा फाइलच जास्त वेळा दगा देते आणि बोल मात्र आवाजाला लागतो.

किंडल बोलायला लागलं आणि गप्प झालं

फेब्रुवारी २००९ मध्ये ॲमेझॉननं किंडल २ बाजारात आणलं. किंमत ३५९ डॉलर. त्याला स्पीकर होता, हेडफोनचा जॅक होता, आणि पुस्तक पुरुषाच्या किंवा बाईच्या आवाजात, तीन वेगांत वाचून दाखवायची सोय होती. आवाज न्युआन्स कंपनीचा. अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेनं, म्हणजे ऑथर्स गिल्डनं, लगेच हरकत घेतली. ई-पुस्तकाचा हक्क वेगळा, ऐकवण्याचा हक्क वेगळा, आणि दुसरा हक्क आम्ही विकलेलाच नाही, असं त्यांचं म्हणणं. ऑडिओबुकचं उत्पन्न बुडेल ही त्यामागची भीती. महिना संपायच्या आत, २७ फेब्रुवारीला, ॲमेझॉननं नमतं घेतलं. आमची सोय कायदेशीरच आहे असं कंपनी म्हणत राहिली, पण कुठल्या पुस्तकाला ती चालू ठेवायची आणि कुठल्या नाही, हे हक्कधारकांवर सोडून दिलं. पुस्तकांची तोंडं बंद होणार म्हटल्यावर सर्वांत आधी वाट अडणार होती ती अंध वाचकांची. ७ एप्रिल २००९ रोजी त्यांनी आणि त्यांच्या संस्थांनी न्यूयॉर्कमध्ये गिल्डच्या कचेरीसमोर निदर्शनं केली.

पुढं २०१२ च्या पेपरव्हाइटमधून स्पीकर आणि जॅक दोन्ही गेले. २०१६ पासून ब्लूटूथवर चालणारा ‘व्हॉइसव्ह्यू’ आला आणि नव्या किंडलमध्येही तो आहे. हा स्क्रीन रीडर आहे. मेनू, बटणं, पुस्तकांची नावं, सगळं तो बोलतो, आणि तो चालू असताना स्पर्शाचे नियमही बदलतात. एकदा बोट टेकलं की फक्त नाव ऐकू येतं, उघडायला दोनदा टकटक करावी लागते. ज्यांना पडदा दिसत नाही त्यांच्यासाठी हे मोलाचं आहे. डोळस माणसाला मात्र स्वयंपाक करता करता प्रकरण ऐकायचं असतं, आणि त्याला हे अडचणीचं वाटतं. चालू करायची रीत अशी: ब्लूटूथ हेडफोन जोडणीच्या (पेअरिंगच्या) अवस्थेत ठेवा, किंडलचं पॉवर बटण नऊ सेकंद दाबून सोडा, मग दोन बोटं थोडी लांब ठेवून पडद्यावर सेकंदभर टेकवा. जोडणी व्हायला दोनेक मिनिटं लागू शकतात. तेवढ्यात घाईनं परत बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून.

आणि एवढं करून मराठी नाहीच. २०१६ च्या अखेरीपासून किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं मिळतात, देवनागरी अक्षर पडद्यावर सुरेख दिसतं, पण व्हॉइसव्ह्यूच्या भाषांमध्ये मराठीला जागा नाही. इंग्रजी पुस्तकं ऐकणाऱ्यांनी किंडल घ्यावं. त्यांनीही खरेदीआधी पुस्तकाच्या पानावरच्या तपशिलात ‘टेक्स्ट-टू-स्पीच’ (मजकूर बोलून दाखवणं) किंवा ‘स्क्रीन रीडर’ असं लिहिलेली ओळ शोधावी. २००९ च्या भांडणाची ती खूण आहे.

किंडलवर घेतलेलं मराठी पुस्तक ऐकायचं असेल तर उपकरण बाजूला ठेवून फोनवरचं किंडल ॲप उघडा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात स्पोकन कंटेंट (नव्या आयओएसमध्ये ‘रीड अँड स्पीक’), त्यात ‘स्पीक स्क्रीन’ चालू करायचं आणि पुस्तकाच्या पानावर वरून खाली दोन बोटं ओढायची. २०२२ च्या आयओएस १६ पासून आयफोनला मराठी आवाज आहे. तो आधी उतरवून घ्यावा लागतो. अँड्रॉइडवर हेच काम टॉकबॅक हा स्क्रीन रीडर करतो, पण तिथंही स्पर्शाचे नियम बदलतात.

कोबो या किंडलच्या स्पर्धक कंपनीच्या नव्या रीडरमध्ये ब्लूटूथ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. ते कोबोच्या दुकानातल्या ऑडिओबुकांसाठी आहे, मजकूर बोलून दाखवण्यासाठी नाही.

बूक्स आणि तत्सम अँड्रॉइड रीडर

ओनिक्स बूक्सचे रीडर म्हणजे ई-इंकचा पडदा लावलेले अँड्रॉइड टॅबलेट. प्ले स्टोअर चालतं, म्हणजे वाचनाचं ॲप आणि बोलण्याचा आवाज दोन्ही आपल्या पसंतीचं. उदाहरणादाखल २०२३ चा पाल्मा घ्या. फोनच्या आकाराचा, ६.१३ इंची पडदा, ६ जीबी रॅम, १२८ जीबी साठवण, ३९५० एमएएच बॅटरी, वजन १७० ग्रॅम, स्पीकर अंगचाच. वाचून दाखवण्याच्या कामाला ही ताकद पुरून उरते.

पण नुसतं ऐकायचं असेल तर यावर पैसे घालायची गरज नाही. पडदा बंद ठेवून ऐकायला खिशातला फोन तेवढाच चांगला. ई-इंकचा फायदा डोळ्यांनी ओळ धरत ऐकणाऱ्याला होतो: वाचनात अडखळणारं मूल, मराठी शिकणारा परप्रांतीय, अमेरिकेत वाढलेली आणि मराठी बोलता येतं पण वाचताना दमणारी नातवंडं. कान आणि डोळा एकत्र चालले की जोडाक्षरांची भीती झपाट्यानं जाते. या उपयोगासाठी मी हा रीडर बिनदिक्कत सुचवेन.

बूक्सवर बिघडतं ते तीन ठिकाणी. पहिलं, पडदा झोपला की आवाजही झोपतो. पॉवरच्या सेटिंगमध्ये झोपेची वेळ वाढवा. दुसरं, बॅटरी वाचवण्यासाठी ही यंत्रणा मागं चालणारी ॲप गोठवून टाकते. वाचनाचं ॲप आणि गूगलचा आवाज, दोन्ही त्या यादीतून बाहेर काढावे लागतात. लोक वाचनाचं ॲप तेवढं काढतात, आवाज तसाच गोठलेला राहतो, आणि मग ‘दहा मिनिटांनी आपोआप बंद पडतं’ ही तक्रार येते. तिसरं, चालू वाक्यावर सरकणारी पट्टी. दर वाक्याला पडद्याचा तो भाग नव्यानं उमटतो, मागच्या अक्षरांच्या सावल्या साचत जातात, आणि बॅटरीही त्यातच खर्च होते. पट्टीऐवजी अधोरेखा निवडता आली तर निवडा, नाहीतर त्या ॲपपुरता पडद्याचा वेगवान मोड लावा.

मराठी आवाज बसवायचा कसा, आणि तो मराठीच आहे हे ओळखायचं कसं

प्ले स्टोअरवरून गूगलचं ‘स्पीच रेकग्निशन अँड सिंथेसिस’ अद्ययावत करा. मग सेटिंग्जमध्ये ‘टेक्स्ट-टू-स्पीच आउटपुट’ शोधा (वेगवेगळ्या फोनवर ते वेगळ्या जागी लपलेलं असतं, म्हणून वरच्या शोधपट्टीतच टाइप करा). पसंतीचं इंजिन (मजकुराचा आवाज करणारी प्रणाली) म्हणून गूगल निवडा, शेजारच्या चाकावर टिचकी मारा, व्हॉइस डेटा उघडा, ‘मराठी (भारत)’ उतरवून घ्या. एकदा उतरलं की इंटरनेट लागत नाही, गावाकडं नेटवर्क नसलं तरी आवाज चालतो. वेग इथं बदलू नका, वाचनाच्या ॲपमध्ये बदला. इथं वाढवलात तर सगळ्याच ॲपमध्ये वाढतो, आणि दोन्हीकडं वाढवलात तर शब्दांचा भुगा होतो.

आता परीक्षा. बऱ्याच मराठी ई-पुस्तकांवर भाषेची नोंद हिंदी किंवा इंग्रजी अशी पडलेली असते. ॲप ती नोंद वाचतं आणि हिंदी आवाज लावून मोकळं होतं. ऐकणाऱ्याला वाटतं, मराठी आवाजच वाईट आहे. ओळखायला एक वाक्य पुरेसं आहे: ‘कृष्णानं ज्ञान दिलं, पैसे आणि औषध नाही.’ हिंदी आवाज ‘क्रिष्ण’ म्हणेल, मराठी ‘क्रुष्ण’. हिंदी ‘ग्यान’ म्हणेल, मराठी ‘द्न्यान’. ‘पैसे’ आणि ‘औषध’मधला पहिला स्वर हिंदीत सपाट आणि पसरट होतो, मराठीत ‘अइ’ आणि ‘अउ’ असा दोन पायऱ्यांनी येतो. चारपैकी दोन शब्द हिंदी वळणाचे आले की आवाज बदलायचा. दुरुस्ती सोपी आहे. संगणकावर कॅलिबर या ई-पुस्तकं हाताळणाऱ्या प्रणालीत पुस्तक घ्या, ‘एडिट मेटाडेटा’ उघडा, भाषेच्या चौकटीत मराठी टाका, आणि फाइल ईपबमधून ईपबमध्येच पुन्हा रूपांतरित करा.

मराठी आवाज कुठं ठेच खातो

गूगलचा मराठी आवाज स्वच्छ आहे आणि थकवत नाही. वाक्य कुठं संपतंय हे त्याला कळतं, पण कुठल्या शब्दावर जोर द्यायचा हे फारसं कळत नाही. त्याच्या बऱ्याच चुका मात्र आपल्या लिपीतूनच येतात, म्हणून त्या समजून घेतलेल्या बऱ्या.

मराठीत च, ज, झ यांचे दोन उच्चार आहेत, तालव्य आणि दंत्य, आणि लिहिताना अक्षर एकच. ‘माझा’ आणि ‘माझं’मधला झ दाताजवळचा, ‘माझी’ आणि ‘माझे’मधला टाळूचा. एक चमचा दंत्य, चार चमचे तालव्य. इथपर्यंत नियम आहे. पुढं ई, ए आला की टाळूकडं वळायचं, हे यंत्राला शिकवता येतं. पण ‘जग’ म्हणजे दुनिया की ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा? पहिला ज तालव्य, दुसरा दंत्य, आणि अक्षरावरून दोन्ही सारखेच. ‘चार’ म्हणजे तीन अधिक एक, आणि गुरांना ‘चार’ म्हणजे खाऊ घाल. ‘जरा थांब’ मधला जरा वेगळा आणि म्हातारपण या अर्थाची जरा वेगळी. अर्थ कळल्याशिवाय इथं उच्चार कळत नाही. माणूस न थांबता बरोबर बोलतो. यंत्र अंदाज लावतं, आणि तो चुकला की ऐकणारा क्षणभर वाक्यातून बाहेर फेकला जातो.

दुसरी जागा शेवटच्या अनुस्वाराची. ‘घरं’, ‘झालं’, ‘सांगितलं’ यातला अनुस्वार नाकातला नाही, तो शेवटचा अ लांबवायची खूण आहे. कमी दर्जाची इंजिनं तिथं ‘झालम’ किंवा ‘झालन’ असं काहीतरी करतात. संवादांनी भरलेल्या कथेत पानात तीस-चाळीस वेळा हे कानावर आदळलं की पुस्तक बंद करावंसं वाटतं. नवं इंजिन निवडताना पहिल्या मिनिटात हाच शब्द ऐकून बघा.

तिसरी जागा अर्ध्या र ची. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना नमस्कार करायचा, आचाऱ्यांना जेवणाचा बेत सांगायचा. ‘ऱ्या’मधला हा र युनिकोडमध्ये वेगळं अक्षर म्हणून आहे, पण जुन्या टायपिंगमध्ये तो साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून काढलेला असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. इंजिनानं अदृश्य चिन्ह गाळलं की दऱ्याखोऱ्यांमधून समुद्र वाहायला लागतो. कॅलिबरच्या शोधा-बदला सोयीनं संपूर्ण पुस्तकात हे एका झटक्यात सुधारतं. ॲ या अक्षराचंही तसंच आहे. तो एक सलग वर्ण हवा, अ वर वेगळी चंद्रकोर चिकटवलेली नको.

संक्षेप आणि आकडे यांचं दुखणं सगळ्यांत सोपं, आणि तरी लोक तेच सहन करत बसतात. ‘डॉ.’ नंतरचा टिंब यंत्राला पूर्णविराम वाटतो आणि डॉक्टर नावापासून तुटतो. आद्याक्षरं तर दोन-दोन वाक्यं होऊन बसतात. सनाचं आणखी वेगळं. ‘१९४७’ हा आकडा काही इंजिनं ‘एक हजार नऊशे सत्तेचाळीस’ असा वाचतात. इतिहासाच्या पुस्तकात हे असह्य आहे.

यावर इलाज बदल-यादीचा. लिब्रेरा आणि ‘@व्हॉइस अलाउड रीडर’ या दोन ॲपमध्ये, बोलण्यापूर्वी कुठला शब्द कशात बदलायचा, हे लिहून ठेवता येतं. मूळ फाइल तशीच राहते, फक्त उच्चार बदलतो. पहिल्याच दिवशी घालून ठेवायच्या नोंदी: डॉ. चं डॉक्टर, प्रा. चं प्राध्यापक, रु. चं रुपये, कि.मी. चं किलोमीटर, इ.स. चं इसवी सन, उदा. चं उदाहरणार्थ, पृ. चं पृष्ठ. सनासाठी नमुन्याचा नियम (रेग्युलर एक्स्प्रेशन) लिहायचा: चार अंकी आकडा १९ नं सुरू होत असेल तर ‘एकोणीसशे’ आणि पुढचे दोन अंक. त्याच्याही आधी १९० नं सुरू होणाऱ्या आकड्यांचा वेगळा नियम हवा, नाहीतर १९०५ चं ‘एकोणीसशे शून्य पाच’ होतं. १८ साठी ‘अठराशे’. हा नियम रकमांनाही लागू होईल ही भीती नको, मराठीत आपण ‘एकोणीसशे पन्नास रुपये’ असंच म्हणतो. २००० च्या पुढच्या सनांना हात लावू नका, ‘दोन हजार नऊ’ बरोबरच आहे. आकड्याच्या दोन्ही बाजूंना शब्दाची सीमा मात्र नियमात घाला, नाहीतर पिनकोड आणि फोन नंबर बिघडतील. रीडएरा हे ॲप दिसायला देखणं आणि वापरायला सोपं आहे, पण त्यात अशी यादी नाही, म्हणून माझी पसंती लिब्रेराला.

फाइल बोलेल की नाही

पीडीएफ उघडून एक ओळ निवडा, कॉपी करा आणि कुठल्याही शोधपट्टीत चिकटवा. मराठी उमटलं तर फाइल बोलेल. रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ उमटला तर पुस्तक शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये लावलेलं आहे. तिथं अक्षर फक्त दिसायला देवनागरी, आतून रोमन. यंत्र आतलंच वाचतं. ओळ निवडताच आली नाही, तर ते नुसतं चित्र आहे. मराठीतल्या जुन्या पीडीएफचा मोठा भाग या दोन प्रकारांत मोडतो, आणि यंत्राच्या मराठी वाचनाबद्दलच्या निराशेचं मूळ इथं आहे.

जुन्या फाँटला त्या त्या फाँटचा परिवर्तक लागतो. एका फाँटचा दुसऱ्याला चालत नाही. चित्र असेल तर अक्षरओळख करून घ्यायची. सोपा मार्ग म्हणजे पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सनं उघडणं. मोठी फाइल असेल तर आधी वीस-वीस पानांचे तुकडे करा. ज्यांना संगणकाची भीती नाही त्यांनी टेसरॅक्ट हे अक्षरओळखीचं सॉफ्टवेअर वापरावं, त्यात मराठीचा संच आहे. स्कॅन ३०० डीपीआयपेक्षा (इंचाला ३०० ठिपक्यांपेक्षा) कमी नको. त्यानंतर माणसाची नजर हवीच: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांची अदलाबदल होते, ‘ख’चा ‘रव’ होतो, अनुस्वार उडतात. पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव आणि तळाचा पृष्ठांक काढून टाका, नाहीतर वाक्याच्या मधोमध ‘एकशे बारा’ ऐकू येतं. ओळीच्या शेवटी पडलेले सक्तीचे खंडही काढा. दर आठ शब्दांनी उगाच थांबणारा आवाज बहुतेक वेळा या खंडांमुळं थांबत असतो. तळटीपा प्रकरणाच्या शेवटी न्या.

ही कटकट नको असेल तर मराठी विकिस्रोतावरची प्रताधिकारमुक्त पुस्तकं ईपबमध्ये उतरवता येतात. युनिकोड असल्यानं बोलायला बरीचशी तयार असतात.

संगणकावर ऐकायचं असेल तर एज ब्राउझरमधले ‘आरोही’ आणि ‘मनोहर’ हे मराठी आवाज जरूर ऐका. सुराचा चढउतार फोनवरच्या आवाजापेक्षा सरस आहे, विशेषतः लांब वाक्यांत. अडचणी दोन. इंटरनेट लागतं, आणि एजनं २०१९ मध्ये ईपब उघडणं बंद केलं. त्यासाठी कॅलिबरमध्ये पुस्तक ‘एचटीएमएलझेड’मध्ये बदला, झिप समजून उघडा, आतली इंडेक्स फाइल एजमध्ये टाका, कंट्रोल-शिफ्ट-यू दाबा. पानभर कवितेसाठी मात्र हाही आवाज नको. ओवीचा साडेतीन चरणांचा तोल आणि अभंगाची यती यंत्राला अजून कळत नाही.

मग ऑडिओबुकचं काय?

२००९ मधली भीती खरी ठरली नाही. अमेरिकेतल्या ऑडिओबुक प्रकाशकांच्या संघटनेच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये तिथली विक्री २ अब्ज डॉलरवर गेली, आदल्या वर्षापेक्षा ९ टक्क्यांनी जास्त. वाचकाच्या उपकरणातल्या आवाजानं ऑडिओबुक मारलं नाही. खरा बदल दुकानाच्या बाजूनं आला. जानेवारी २०२३ मध्ये ॲपलनं यंत्राच्या आवाजातली ऑडिओबुकं विकायला ठेवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉननं स्वतः पुस्तक छापणाऱ्या लेखकांना ‘व्हर्च्युअल व्हॉइस’ देऊ केला. मे २०२५ मध्ये ॲमेझॉनच्याच ऑडिबल या ऑडिओबुक कंपनीनं प्रकाशकांसाठी अशाच आवाजांची घोषणा केली. तेव्हा वाचकाला फुकट ऐकू येईल म्हणून भांडण झालं होतं, आता तोच आवाज वेष्टनात घालून विकायला आलाय. यावर माझं मत स्वच्छ आहे: विकत घेतलेलं पुस्तक आपल्या यंत्राकडून वाचून घेणं हा वाचकाचा हक्क आहे, आणि यंत्राच्या आवाजाला माणूस-निवेदकाच्या मानधनाएवढी किंमत लावणं ही फसवणूक आहे.

मराठीचा हिशेब वेगळा आहे. साठ हजार शब्दांची कादंबरी मिनिटाला १२० शब्दांनी वाचली तर ८ तास २० मिनिटं होतात. तयार एका तासामागं वाचन, पुनर्वाचन, संकलन मिळून सहा तासांचं काम धरलं, तर पन्नास तास. वर स्टुडिओ आणि कलावंताचं मानधन. हजार प्रतींची आवृत्ती काढणाऱ्या प्रकाशकाला हे कसं परवडणार? २०१७ मध्ये स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप भारतात मराठी घेऊन आलं आणि चांगल्या आवाजातली बरीच पुस्तकं झाली, पण ती कथा-कादंबऱ्यांकडं झुकलेली राहिली. समीक्षा, शेती, कायदा, जिल्ह्याचा इतिहास, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं कुणी ध्वनिमुद्रित करणार नाही. तिथं यंत्राचा आवाज कुणाच्या पोटावर पाय देत नाही, तो मुक्या पुस्तकाला तोंड देतो.

कथेची गोष्ट निराळी. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांचं कथाकथन ऐकलेल्या कानाला ‘काय पाव्हनं’ यातला हेल, दोन शब्दांमधला दम, हशा ओसरेपर्यंत थांबणं, हे सगळं कथेचाच भाग वाटतं. बोलीतला संवाद यंत्र प्रमाणभाषेच्या चालीवर वाचतं आणि माणसं एकदम परकी होतात. ‘आलास?’ आणि ‘आलास!’ यात यंत्र फरक करतं, पण तो शब्द आईचा आहे की सावकाराचा, हे त्याला कळत नाही. अशा पुस्तकाला माणसाचाच आवाज घ्यावा, आणि त्यासाठी पैसे मोजावेत.

अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी आपल्याकडं कायदा बराच पुढं आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्यांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक बदलायची मुभा आली, आणि अशा वाचकांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेला आंतरराष्ट्रीय मराकेश करार २०१४ मध्ये सर्वांत आधी मंजूर करणारा देश भारतच होता. २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयात सभासद होऊन अशी तयार पुस्तकं मिळतात. घरात अशी व्यक्ती असेल तर वरची सगळी खटपट करण्याआधी तिथं नाव नोंदवा. इतरांनी विकत घेतलेल्या फाइलचं डिजिटल कुलूप तोडायच्या नादी लागू नये, त्याला वेगळं कलम आहे. कुलूपबंद पुस्तक ज्या ॲपमधलं आहे त्याच ॲपमध्ये ऐकावं.

ऑडिओबुक घेताना नमुना ऐकायचाच, पण प्रस्तावनेचा नाही. निवेदनात यंत्रही शहाणं वाटतं. नमुन्यात दोन माणसांचा संवाद येईपर्यंत पुढं सरका, आणि ‘जग’, ‘जरा’, ‘दऱ्या’ असा एखादा शब्द कानावर पडेपर्यंत थांबा. निवेदकाचं नाव कुठं लिहिलंय तेही बघा. नावाच्या जागी नुसतं ‘डिजिटल’ किंवा ‘व्हर्च्युअल’ असेल, तर त्याच पुस्तकाचं ई-पुस्तक घ्या आणि आपल्या फोनकडून वाचून घ्या.